रात्रीच्या गाडीतही वाचता यावं म्हणून: उजेडाचा ई-रीडर कसा पारखून घ्यावा

लातूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी सुटते, तिकिटं तपासून होतात, डब्यातले दिवे मालवतात. त्यानंतर मोबाइल काढून वाचायला लागलं की समोरच्या बर्थवरचे काका हमखास कूस बदलतात. मला एकदा तोंडावर ऐकून घ्यावं लागलं, ‘‘एवढं काय वाचलालास रे? झोपू दे की.’’ त्यांचं चुकलं नव्हतं. मोबाइलचा पडदा अंधारात अख्खा कप्पा उजळून टाकतो. पुढच्या खेपेला त्याच गाडीत ई-रीडर, म्हणजे नुसती ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, होता, उजेड अगदी तळाला, आणि खालच्या बर्थवरच्या बाईंना मी जागा आहे हेसुद्धा कळलं नाही.

तेव्हापासून घरात दोन यंत्रं आली, एक माझं आणि एक अण्णांचं. मित्रांची तीन-चार महिनोन्‌महिने उसनी वापरून झाली. आता नात्यातलं कुणी ना कुणी विचारतं, ‘‘कोणता घेऊ?’’ दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

‘बॅकलाइट’ हा शब्द आधी बाजूला ठेवा

दुकानात ‘‘याला बॅकलाइट आहे का?’’ विचारलं की ‘‘आहे ना!’’ असं उत्तर येतं. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा. त्याच्यामागे दिवा नसतो, आणि ठेवला तरी काही दिसणार नाही. या पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. वीज जशी दिली तसे काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि अक्षर उमटतं. ही भिंतीला रंग दिल्यासारखी गोष्ट आहे, मागून उजेड आरपार येतच नाही.

म्हणून दिवे बसवतात ते कडेला, चौकटीच्या आत. तिथून उजेड पडद्यावरच्या एका पातळ पारदर्शक थरात शिरतो आणि पानावर खाली पसरतो. तो पानावर आपटून आपल्यापर्यंत येतो. मोबाइल आणि टॅब्लेटचं उलट: तिथे पडदा स्वतःच दिवा असतो. कंदिलाच्या उजेडात पोथी वाचणं आणि कंदिलाच्या काचेकडे टक लावून बसणं, एवढा हा फरक.

अ‍ॅमेझॉनचा पहिला ई-रीडर, किंडल, २००७ साली आला तेव्हा त्याला कसलाच दिवा नव्हता; लोक वर चिमट्याचा छोटा दिवा लावायचे. उजेडाचे ई-रीडर खऱ्या अर्थाने रुळले ते २०१२ पासून. त्यामुळे कुणी ‘‘जुना आहे, स्वस्तात देतो’’ म्हणालं तर सगळ्यात आधी दिवा आहे का ते बघा. बिनदिव्याचं यंत्र भर उन्हात सुरेख दिसतं आणि लाइट गेली की पाटीसारखं गप्प पडतं. आमच्याकडे लाइट जाण्याला काळवेळ नसतो, त्यामुळे हा मुद्दा मी पहिला धरतो.

पहिलं काम: यंत्र बघू नका, स्वतःची पुस्तकं मोजा

बहुतेकांची खरेदी इथेच चुकते. यंत्राची तुलना आठवडाभर चालते, आणि घरी आणल्यावर कळतं की आपल्याकडची निम्मी पुस्तकं त्यावर धड उघडत नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्याला ही अडचण फारशी नाही. मराठी वाचणाऱ्याला पावलोपावली आहे.

तुमच्या मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जी मराठी पुस्तकं जमली आहेत त्यातली दहा उघडा. प्रत्येकातली एक ओळ बोटाने निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

ओळ मराठीत जशीच्या तशी आली, तर ते पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत, आहे. अक्षर लहान-मोठं होईल, ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने बसवता येतील. ईपब, म्हणजे खास ई-पुस्तकांसाठीची फाइल, असेल तर उत्तमच.

ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा काला आला, तर ती पीडीएफ जुन्या डीटीपी, म्हणजे छपाईच्या जुळणीच्या, फॉन्टमध्ये केलेली आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मात्र ते मराठी आहे हे ठाऊकच नाही. अशी फाइल ईपबमध्ये बदलायला गेलात की हाती तोच काला येतो.

काहीच निवडता आलं नाही, तर तो नुसता पानांचा फोटो, म्हणजे स्कॅन. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारे जुने ग्रंथ किंवा इंटरनेट आर्काइव्हवरची शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं बरीचशी अशीच आहेत. एखाद-दुसरं प्रकरण हवं असेल तर तेवढी पानं गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. अख्ख्या पुस्तकासाठी हा उद्योग करू नका. मी एकदा केला आणि तीन रविवार रफार दुरुस्त करण्यात गेले.

चौथा प्रकार म्हणजे विकत घेतलेली ई-पुस्तकं. बुकगंगावर घेतलेली पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. ती किंडलवर नेता येत नाहीत. किंडलच्या दुकानातली मराठी पुस्तकं किंडलवर किंवा किंडलच्या अ‍ॅपमध्ये. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम ही पुस्तकं आणली, तेव्हापासून तिथे मराठी बरंच वाढलं आहे.

आता कागदावर चार आकडे मांडा: दहापैकी युनिकोड किती, जुन्या फॉन्टची किती, स्कॅन किती, अ‍ॅपमधली किती. पुढचा सगळा निर्णय या चार आकड्यांवर बसतो.

दुसरं काम: पडद्याचं माप, इंचात नव्हे तर ओळीत

सहा इंची म्हणजे तिरकं माप. प्रत्यक्षात पान साधारण ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. सात इंचीचं साधारण ४.२ बाय ५.६. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं मराठी पुस्तक ५.५ बाय ८.५ इंचांचं असतं. समास सोडले तर छापलेली ओळ सव्वाचार इंचांच्या आसपास.

म्हणजे डेमी पानाची पीडीएफ समास कापून सात इंचीवर लावली की अक्षर जवळजवळ छापील मापाचं दिसतं. सहा इंचीवर ते पंधरा टक्के बारीक होतं. तरुण डोळ्यांना चालून जातं, अण्णांना नाही. समास न कापता सहा इंचीवर लावलं तर अक्षर छापील मापाच्या ६५ टक्के, आणि ते कुणीच फार वेळ वाचू शकत नाही. यंत्र आडवं करून अर्धं-अर्धं पान वाचणं हा मधला मार्ग आहे. मी तसं एक चरित्र वाचून काढलं, पण दर पानाला दोनदा सरकवायचा कंटाळा येतो.

तुमच्या यादीत युनिकोड जास्त असेल तर सहा इंची पुरे, खिशात मावतो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफ जास्त असतील तर सात इंचीच्या खाली उतरू नका.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण लातूरला हा प्रश्न फार येतो. माझा भाचा नीटच्या शिकवणीला आहे. क्लासच्या नोट्स वाचायला ई-रीडर घ्यावा असं त्याच्या मनात होतं. नोट्स सगळ्या ए-फोर आकाराच्या, म्हणजे सव्वाआठ इंच रुंद. सहा इंचीवर त्या निम्म्याहून बारीक होतात. रंगीत आकृत्या करड्या दिसतात. चाळीस पानं मागे, परत पुढे, अशी धावपळ ई-इंकला झेपत नाही. १०.३ इंची यंत्र घेतलं तर ए-फोर पान तीन-चतुर्थांश मापात दिसतं, पण त्याची किंमत ऐकून ताईने फोनच ठेवला. त्याला साधा टॅब्लेट आणि नोट्सच्या झेरॉक्स. ई-रीडर हे पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचायचं यंत्र आहे, उजळणीचं नाही.

तिसरं काम: यंत्रं समोरासमोर

साधा किंडल: सहा इंची, इंचाला ३०० ठिपके, वजन १५८ ग्रॅम. हातात घेतला की रिकामं पाकीट घेतल्यासारखं वाटतं. दिवे चार, आणि उजेड पांढराच. पिवळसर करता येत नाही. पाण्यापासून संरक्षण नाही. दिवसा आणि संध्याकाळी वाचणाऱ्याला, युनिकोड पुस्तकं जास्त असणाऱ्याला हा पुरतो.

किंडल पेपरव्हाइट: २०२१ च्या आवृत्तीत ६.८ इंची पडदा आणि १७ दिवे आले, उजेड हवा तसा पिवळसर करायची सोय आली. २०२४ च्या आवृत्तीत पडदा ७ इंची झाला, वजन २११ ग्रॅम. पाण्यात पडला तरी निभावतो. भारतात ही आवृत्ती १६,९९९ रुपयांना आली होती. सणासुदीला भाव हलतो, घाई नसेल तर थांबा. अण्णांना मी हाच घेतला, आणि आज पुन्हा घ्यायचा झाला तरी हाच घेईन.

कोबो क्लारा बीडब्ल्यू: सहा इंची, ३०० ठिपके, पिवळसर उजेड, पाण्यापासून संरक्षण, १७४ ग्रॅम. किंडलच्या साध्या यंत्रात जे नाही ते सगळं याच्यात आहे, आणि ईपब थेट तारेने टाकता येतं. अडचण अशी की आपल्याकडे तो बहुधा आयात केलेला मिळतो. वॉरंटीचं कोण बघणार, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. एखादी मराठी फाइल त्याच्यासमोरच उघडून बघा.

बूक्सची यंत्रं, उदाहरणार्थ गो सिक्स: आतून अँड्रॉइड. त्यामुळे बुकगंगा, किंडल, दोन्ही अ‍ॅप एकाच यंत्रावर चालतात. पीडीएफचे समास कापायची सोय मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगली. यादीत अ‍ॅपमधली पुस्तकं जास्त असतील तर दुसरा पर्यायच नाही. बॅटरी मात्र आठवड्यांची नाही, दिवसांची. आणि अँड्रॉइड आलं की व्हॉट्सअ‍ॅपही येतं. मित्राचं यंत्र वापरताना दुसऱ्याच रात्री मी त्यावर बातम्या बघत बसलो होतो, तेव्हा कळलं की हे आपल्यासाठी नाही.

रंगीत ई-इंकचा मोह मुलांच्या मासिकांसाठी होतो. बालभारतीचं ‘किशोर’ रंगीत दिसावं असं कुणालाही वाटेल. पण रंगाचा थर पडद्यावर बसवल्याने पान मुळातच करडं होतं, दिवा दिवसाही लावावा लागतो, आणि रंगात ठिपके ३०० चे १५० होतात. नुसता मजकूर वाचणाऱ्याने काळा-पांढराच घ्यावा.

बॅटरीच्या दाव्यांचं थोडं गणित करून बघा. पेपरव्हाइटवर ‘१२ आठवडे’ लिहिलेलं असतं. खालच्या बारीक अक्षरात अट असते: रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, उजेड १३ वर. बारा आठवड्यांचे ८४ दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे एकूण ४२ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला ते तीन आठवडे झाले. वाईट नाही; पण बारा नाहीत. पान स्थिर असताना ई-इंकला वीज लागत नाही, खातो तो दिवा. दुपारी दिवा पूर्ण बंद ठेवायची सवय लावली तर बरेच दिवस वाढतात.

चौथं काम: हातात आल्यावर अक्षराची परीक्षा

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

मोबाइलवर एक टिपण उघडून हे शब्द टाइप करा: दर्या, दऱ्या, आचार्यास, आचाऱ्यास, तऱ्हा, वाङ्मय, ज्ञानेश्वर, कॅन्सर, ऑक्टोबर, हृदय, श्रद्धा. फाइल यंत्रावर पाठवा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दोन्हींवर एकसारखा रफार आला तर त्या फॉन्टला मराठी येत नाही. ‘वाङ्मय’ मधला ङ सुटा पडला, ‘कॅ’ वरची चंद्रकोर बाजूला सरकली, असली विघ्नं इथेच दिसतात. शिरोरेषा शब्दाच्या मध्ये तुटते का तेही बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ल दंडाचा आणि श गाठीचा येतो. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे. वाचता दोन्ही येतं, पण शाळेत चाळीस वर्षं पाकळीचा ल गिरवून घेतलेल्या अण्णांना दंडाचा ल बघून पहिल्या पानालाच ठेच लागली. ‘‘हे कुठलं मराठी?’’ म्हणाले. उपाय सोपा आहे. टिरो देवनागरी मराठी किंवा मुंबई आयआयटीत तयार झालेला शोभिका, हे फॉन्ट फुकट मिळतात. यंत्र तारेने संगणकाला जोडा, त्यातल्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये फाइल टाका, आणि वाचताना अक्षराच्या यादीतून तो निवडा.

मग उजेडाची परीक्षा. खोलीत पूर्ण अंधार करा, उजेड निम्म्यावर ठेवा, जवळजवळ कोरं पान उघडा. खालच्या कडेला दिव्यांच्या जागी सावलीचे त्रिकोण दिसतात का? एका कोपऱ्यात पिवळं आणि दुसऱ्यात निळसर दिसतं का? थोडा फरक सगळ्यांत असतो. वाचताना नजर तिथे अडखळत असेल तर मात्र बदलून मागा.

पाचवं काम: पुस्तकं चढवणं

संगणकावर कॅलिबर हा फुकटचा प्रोग्राम घ्या. कोविद गोयल यांनी तो २००६ मध्ये सुरू केला आणि अजून त्याला तोड नाही. प्रत्येक पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी भरा. रिकामी राहिली तर पुढे अडू शकतं.

किंडलसाठी ईपब अ‍ॅमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या वेबपानावरून पाठवायचं. तिथे एका फाइलला २०० एमबीपर्यंत मुभा आहे, ई-मेलने ५०. तारेने टाकलेलं ईपब किंडल ओळखत नाही. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने टाकायची जुनी सोयही अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, म्हणून वाय-फाय लागतंच. गावाकडे मोबाइलचं हॉटस्पॉट पुरतं.

पुस्तकं कुठून? मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं थेट ईपब म्हणून उतरवता येतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं फुकट देतं, बहुधा पीडीएफमध्ये. वर सांगितलेली कॉपीची परीक्षा तिथेही करा.

रात्रीची जुळणी

दिवसा खिडकीशी: दिवा शून्य. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली: आठ-दहा, पिवळसरपणा थोडा. अंधारात: आधी शून्यावर न्या आणि अक्षर जेमतेम वाचता येईल इथपर्यंत एकेक घर चढवा. बहुतेक लोक दोन ते पाचवर थांबतात. पिवळसरपणा निम्म्याच्या वर.

झोपेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी १२ जणांवर केलेला प्रयोग २०१४ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली, झोप आणणारं मेलाटोनिनही उशिरा वाढलं. तिथे टॅब्लेटचा उजेड पूर्ण होता. मंद, पिवळसर, समोरून पडणारा उजेड ही वेगळी गोष्ट आहे, त्याला तोच निकाल लावू नका. डोळे चुरचुरणं बहुधा पापण्या कमी मिटल्यानेही होतं. अण्णांना मी दर प्रकरणाला उठून पाणी प्यायला सांगितलंय, ते चहा पितात.

मराठीसाठी अक्षर इंग्रजीपेक्षा एक घर मोठं ठेवा आणि ओळींमधलं अंतर वाढवा. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दाट ओळीत ते एकमेकांच्या अंगावर येतात.

उन्हाळा, धूळ आणि डबा

किंडलच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली दुपारी हे कधीच ओलांडते. सावलीत वाचल्याने काही बिघडलेलं मी पाहिलं नाही, पण गाडीच्या डॅशबोर्डवर, मोटारसायकलच्या डिकीत यंत्र ठेवू नका. बॅटरी कायमची दुबळी होते. चार्जिंगसुद्धा रात्री, हवा निवली की लावा.

माझं पहिलं यंत्र उन्हाने गेलं नाही. एसटीने अंबाजोगाईला निघालो होतो, पिशवीत खाली यंत्र, वर जेवणाचा स्टीलचा डबा, आणि बसायला जागा नाही म्हणून पिशवी दोन सीटच्या मध्ये दाबलेली. रेणापूरच्या पुढे काढून बघितलं तर वरच्या अर्ध्या पानावर आदल्या रात्रीचा मजकूर तसाच गोठलेला, खाली उभ्या काळ्या रेघा. वरची काच शाबूत होती, एक ओरखडा नाही. फुटला होता आतला ई-इंकचा थर, तोही काचेवरच बसवलेला असतो. दुरुस्तीवाल्याने पडद्याची जी किंमत सांगितली तिच्यात थोडी भर घालून नवं यंत्र आलं असतं.

तेव्हा कडक पुठ्ठ्याचं झाकण यंत्रासोबतच घ्या, मऊ पाउच नको. पिशवीत ठेवताना पडद्याची बाजू वहीकडे, आणि डबा वेगळ्या कप्प्यात.